कडक उन्हातील चढाच्या सायकल शर्यतीची तयारी

उन्हाची सवय शरीराला एका दिवसात होत नाही; त्यासाठी शर्यतीपूर्वी साधारण १० ते १४ दिवस रोज तासभर उष्ण वेळी, पण हलक्या जोराने सायकल चालवावी, म्हणजे रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि घाम लवकर सुटू लागतो. सरावाआधी व नंतर वजन करावे. मधे प्यायलेले पाणी हिशेबात धरल्यास घटलेला प्रत्येक किलो म्हणजे जवळपास एक लिटर घाम होय. नुसते पाणी भरमसाट पिणे मात्र धोक्याचे आहे, कारण त्याने रक्तातील सोडियम खाली येते. म्हणून एका बाटलीत क्षारयुक्त पेय ठेवावे.

खरी कसोटी चढावर लागते. तेथे वेग मंदावतो, अंगावरचा वारा कमी होतो आणि घाम न वाळता नुसता ओघळतो, त्यामुळे नेहमीचा जोरही शरीराला जड जातो. पहिल्या चढावर इतरांच्या मागे न धावता स्वतःच्या श्वासाची लय सांभाळावी, डोक्यावर व मानेवर पाणी ओतावे आणि उतारावर, रस्ता सरळ व मोकळा असेल तेव्हाच, प्यावे.

उन्हातही अंगावर शहारे आले, तोल जाऊ लागला किंवा विचार गोंधळले, तर ताबडतोब थांबावे, सावली गाठावी, अंग थंड पाण्याने भिजवावे आणि वैद्यकीय मदत मागवावी.