पगच्या स्टॉलवर पहिल्यांदाच बसणार असाल तर

"हा हचवाला कुत्रा ना?" हा प्रश्न तुम्हाला दिवसभरात इतक्या वेळा येणार आहे की शेवटी शेवटी हसायला पण येणार नाही, तरी हसायचं. हच या मोबाईल कंपनीची 2003 ची पगवाली जाहिरात, म्हणजे आज स्टॉलवर येणारी कॉलेजची पोरं तेव्हा जन्माला पण आली नसतील, पण पग दिसला की हच हे ठाण्यातल्या लोकांच्या डोक्यातून जात नाही. त्या जाहिरातीनंतर घराघरात पग आले आणि नंतर त्यातले कितीतरी घराबाहेर पण आले, म्हणून आपण तिथे टेबल टाकून बसतो.

मी वर्तकनगरची, नोकरी अकाउंट्सची, आणि रविवारी सोडून दिलेल्या पगना घर बघणाऱ्या एका छोट्या ग्रुपमध्ये काम करते. आमचं शेल्टर वगैरे काही नाही, सगळी कुत्री कुणाच्या ना कुणाच्या घरी फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला असतात. आतापर्यंत सहा स्टॉल झाले. दर वेळी नवीन वॉलंटियर विचारतात ताई तिथे बोलायचं काय, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी कुत्र्याचं. मागच्या जानेवारीत उपवन तलावाजवळ स्टॉल होता, माझ्या फॉस्टरचा मोदक बरोबर होता. मोदकची ड्युटी सकाळी 8 ते 10, बस. दहा वाजता भावाने येऊन त्याला घरी नेलं आणि नंतर टेबलावर फक्त त्याचा फोटो. लोक चिडतात, "कुत्रा कुठाय? पोरांना दाखवायला आणलं होतं." चिडू देत. जानेवारी असला तरी ठाण्यातलं दुपारचं ऊन ते ऊनच, आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो. पगचं नाक चपटं, नाकपुड्या बारीक, आत टाळूचा मऊ भाग लांब, म्हणजे ज्या वाटेने गार व्हायचं तीच वाट अर्धी बंद. तो जीभ काढून हॅ हॅ करतो तेव्हा लोकांना वाटतं हसतोय, फोटो काढा. जीभ लालभडक किंवा जांभळट झाली, श्वासाचा आवाज घरघर यायला लागला की फोटोबिटो बंद, सावलीत न्यायचं, अंगावर साधं पाणी आणि पंखा, बर्फ नाही, आणि सरळ डॉक्टर. "घोरतो किती गोड" असं कुणी म्हणालं की तिथेच त्याला हे सांगायचं, पत्रक हातात देण्यापेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

गळ्याला पट्टा नको, हार्नेस. डोळे बाहेर आलेले असतात, पोराचं बोट किंवा नख लागलं तर सरळ जखम, त्यामुळे एका वेळी दोनच मुलं, खाली बसवायची, हात डोक्यावरून न आणता खालून पुढे करायचा. आयांना राग येतो कधीकधी, येऊ दे. आणि टेबलामागे कुत्र्याची स्वतःची चादर ठेवायची, तिथे तो गेला की कुणी हात लावायचा नाही, नगरसेवक आला तरी.

मग येतात घ्यायला आलेले लोक. "फुकट देता का?" "पपी आहे का?" "फीमेल नको." आमच्याकडची कुत्री पाच-सहा-आठ वर्षांची, कुणाचा एक डोळा गेलेला, कुणाच्या अंगाला सारखी खाज. दोन माद्या अशा आल्या की डॉक्टर म्हणाले किती वेळा व्यायल्या असतील सांगता येत नाही. 2017 चे ब्रीडिंगचे नियम आहेत, 18 महिन्यांच्या आत मादी वापरायची नाही, आठ वर्षांनंतर नाही, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, पण हे विकत घेणाऱ्याने कधी ऐकलेलंच नसतं, तर ते सांगा, आवाज न चढवता. पग 12-15 वर्षं जगू शकतो हे पण सांगा. घोडबंदर रोडचं एक जोडपं आलं होतं, नवीन फ्लॅट, दोघं सकाळी आठला बाहेर, रात्री नऊला घरी. मी म्हटलं आत्ता नका घेऊ. बाजूचा नवीन मुलगा माझ्याकडे बघतच राहिला, अहो ताई आपण द्यायला बसलोय ना? स्टॉलवर कुत्रा कधीच द्यायचा नाही, फॉर्म भरून घ्यायचा, घर बघायला जायचं, मग पुढचं.

सोसायटीवाल्यांचा प्रश्न हमखास येतो. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं 26 फेब्रुवारी 2015 चं पत्रक आहे, सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, जनरल बॉडीत ठराव केला तरी नाही, आणि लिफ्ट वापरायची पण मनाई करता येत नाही. त्याच्या झेरॉक्स जास्तीच्या ठेवा, आमच्या सगळ्यात आधी त्याच संपतात. आणि कुणीतरी येऊन ऐकवणारच, रस्त्यावर इतकी देशी कुत्री असताना तुम्हाला हे महागडे कशाला. वाद घालू नका, खरंच बोलतोय तो, त्याला इंडीवाल्यांचा स्टॉल दाखवा.

आता मेन गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. स्टॉलवर सगळ्यात महत्त्वाचा माणूस कुत्रा घ्यायला आलेला नसतो, सोडायला आलेला असतो. आणि तो तसं बोलत नाही. तो म्हणतो, "आमच्या मित्राकडे एक आहे." माझ्या पहिल्याच स्टॉलला एक बाई आल्या, घरात बाळ झालंय, सासूबाई नको म्हणतात, पगचं काय करू. मी त्यांना दिलं झोडून, घेताना कळलं नव्हतं का, खेळणं आहे का वगैरे, आजूबाजूचे चारजण ऐकत होते, मला फार बरं वाटलं. बाई नंबर न देता निघून गेल्या. त्या कुत्र्याचं काय झालं मला आजपर्यंत माहीत नाही. कायद्याची भीती म्हणाल तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला उपाशी-तहानलेलं सोडून देणं गुन्हा आहे खरा, पण पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये, तेवढ्यात उपवनला दोन वडापाव येतात.

त्यामुळे आता "मित्र" ऐकलं की मी खुर्ची पुढे करते. उपवनला कळव्याचे एक काका तीनदा टेबलासमोरून गेले, मोदककडे बघायचे, पुढे जायचे. चौथ्यांदा मीच म्हटलं, काका बसा, पाणी घ्या. मित्राच्या कुत्र्याचं वय काय, खातो काय, रात्री कुठे झोपतो, एवढंच विचारलं. झोपायचं विचारल्यावर ते म्हणाले, "माझ्या पायाशी", आणि मग दोघं गप्प. मी काही बोलले नाही, नंबर लिहून दिला आणि सांगितलं की मित्राला म्हणा घाई करू नका, सोसायटीच्या गेटवर बांधून जायच्या आधी एक फोन करा, रात्री केला तरी चालेल.

नऊ दिवसांनी रात्री साडेअकराला फोन आला. बायकोचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा हॉस्पिटल, मुलगा बाहेरगावी. रविवारी ते स्वतः रिक्षाने घेऊन आले, खाली ओला पंचा अंथरलेला. बरोबर लसीचं कार्ड होतं. सात वर्षांचं कार्ड, एक पण तारीख चुकलेली नव्हती.