नवी ट्यूब घातली तरी पुन्हा पंक्चर? या चुका टाळा

पाऊस लागला की कोल्हापुरात सायकलींची पंक्चरं वाढतात. ओल्या रस्त्यावर काच, काटा, तार टायरला चिकटून राहते आणि ओलं रबर सहज कापलं जातं. सकाळी रंकाळ्याला फेरी मारणारे असोत, विद्यापीठात जाणारी पोरं असोत की उद्यमनगरात कामाला जाणारे, त्रास सगळ्यांना सारखाच. पण नवी ट्यूब घालूनही चार दिवसांत पुन्हा हवा गेली, तर दोष ट्यूबला देऊ नका. बहुतेक वेळा पहिल्या पंक्चरचं कारण चाकातच राहिलेलं असतं.

म्हणूनच माझ्या मते सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुनी ट्यूब न बघता फेकून देणं. भोक कुठं पडलंय यावरून कारण कळतं. ट्यूब काढताना टायरवरच्या छापील नावाशी व्हॉल्व्ह कुठं होता ते लक्षात ठेवा. मग ट्यूबमध्ये हवा भरा, बादलीत बुडवा, बुडबुडे कुठून येतात ते बघा. व्हॉल्व्हपासून भोक जितक्या अंतरावर, तितक्याच अंतरावर टायरमध्ये शोधा, दोन्ही दिशांना. बाभळीच्या काट्याचं टोक किंवा बारीक तार बाहेरून दिसत नाही. टायरच्या आतून फडकं फिरवा, ते जिथं अडकेल तिथं काटा आहे. उघड्या बोटानं चाचपडू नका, काच असली तर बोट कापतं.

भोक रस्त्याकडच्या बाजूला नसून रिमच्या बाजूला असेल, तर टायर तपासून उपयोग नाही. रिमच्या आतली पट्टी सरकलेली असते, नाहीतर एखाद्या स्पोकचं टोक वर आलेलं असतं. पट्टी बदलल्याशिवाय किती ट्यूबा घातल्या तरी त्या फुटणारच. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा दिसल्या, तर हवा कमी होती आणि खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर ट्यूब रिम आणि टायर यांच्यात चिमटली. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल तर ते ठिगळ लावून टिकत नाही, तिथं नवी ट्यूबच घ्यावी. कमी हवेवर सायकल चालवली की टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह तिरका होऊन मुळाशी फाटतो.

ट्यूब घ्यायला गेल्यावर ‘२६ची द्या’ एवढंच सांगू नका. २६ इंचात निदान दोन वेगळी मापं आपल्याकडं सर्रास दिसतात. २६ × १ ३/८ या लेडीज सायकलच्या रिमचा व्यास ५९० मिलिमीटर असतो, तर २६ × १.९५ या जाड टायरच्या सायकलचा ५५९. जुन्या काळ्या २८ × १ १/२ सायकलचा ६३५, आणि हल्लीच्या ७००सी हायब्रिडचा ६२२. टायरच्या बाजूला ३७-५९० किंवा ४०-६३५ असा आकडा छापलेला असतो. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास. तो आकडा लिहून न्या किंवा मोबाईलवर फोटो काढा. ट्यूबच्या खोक्यावर रुंदीची मर्यादा दिलेली असते, तुमच्या टायरची रुंदी तिच्यात बसली पाहिजे. अरुंद ट्यूब रुंद टायरमध्ये ताणून पातळ होते. रुंद ट्यूब अरुंद टायरमध्ये घातली तर तिला घडी पडते आणि ती घडीवरच फाटते.

व्हॉल्व्हही बघून घ्या. मोटरसायकलसारख्या जाड श्रेडर व्हॉल्व्हला साधारण ८ मिलिमीटरचं भोक लागतं. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हच्या रिमचं भोक साडेसहाच्या आसपास असतं, त्यात जाड व्हॉल्व्ह जात नाही. रिम खोल असेल तर लांब व्हॉल्व्हची ट्यूब मागा, नाहीतर पंपाला धरायला काही उरत नाही. जुन्या सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये छोटी रबरी नळी असते, तिला वालट्यूब म्हणतात. ती कुजली की हवा हळूहळू जाते आणि लोक उगाच अख्खी ट्यूब बदलतात. आधी व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून बुडबुडा येतो का ते बघा.

बसवताना स्क्रूड्रायव्हर वापरू नका. नव्या ट्यूबला तिथंच भोक पडतं. टायर उचकटायचे प्लॅस्टिकचे टायर लिव्हर स्वस्त मिळतात. ट्यूब आत घालण्याआधी तिच्यात फक्त आकार येईल एवढी हवा भरा, म्हणजे पिळा पडत नाही. टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून आत ढकलत या आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. शेवटचा भाग शक्यतो अंगठ्यानंच बसवा. मग व्हॉल्व्ह एकदा आत दाबून सोडा आणि टायरच्या दोन्ही कडा गोल फिरून बघा. कुठं ट्यूब डोकावत असेल तर हवा भरताच ती फुटेल.

हवा किती भरायची ते टायरवरच छापलेलं असतं. अंगठ्यानं दाबून अंदाज चुकतो. पेट्रोलपंपावरच्या कॉम्प्रेसरनं सायकलच्या लहान ट्यूबमध्ये क्षणात जास्त हवा जाते, त्यामुळं थोडी थोडी भरा आणि प्रत्येक वेळी मोजा. चांगल्या ट्यूबमधूनही हवा हळूहळू कमी होतच असते. आठवड्यातून एकदा बघावं.

आता ठिगळाबद्दल. एखादं छोटं भोक असलं तर ट्यूब टाकून देऊ नये. काचपेपरनं घासून घ्या, सोल्युशन पातळ लावा आणि ते कोरडं होईपर्यंत थांबा, ओल्यावर ठिगळ चिकटवू नका. मात्र पन्हाळ्याहून किंवा जोतिबाहून घाट उतरताना रिम ब्रेक (रिमला रबरानं दाबणारे) सतत दाबून ठेवले तर रिम तापते आणि ठिगळ सुटू शकतं. उतारावर पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक थांबून थांबून मारा, आणि अशा फेरीला चांगली ट्यूब घालूनच निघा. सोबतची जादा ट्यूब फडक्यात गुंडाळून ठेवा. पिशवीत पान्यांशी घासून ती वापरण्याआधीच भोकं पडून बसते.