टोमॅटो बाटलीत भरताय? आधी लिंबूसत्व, मग टोमॅटो

पाडवा झाला की आपल्या बेळगावकडे दुपारनंतर आभाळ भरायला लागतं. एक जोरदार वळीव पडला की पिकलेली फळं देठाशी तडकतात, खालचे घड चिखलात लोळतात आणि मागोमाग करपा रोग येतो. कडोली, उचगाव, येळ्ळूरपासून खानापूर-निपाणीपर्यंत ज्यांच्या परसात, बांधावर टोमॅटो पिकून उभा आहे, त्यांनी आभाळाची वाट न बघता तोडून घ्यावा. मार्केटला नेऊन गाडीभाडंही सुटत नसेल तर घरीच बाटलीबंद करा. 20 किलोच्या क्रेटमधून लिटरच्या साधारण 15 बाटल्या निघतात.

तोडणीचं थोडक्यात:

- सकाळी दव सुकल्यावर तोडा. फळ पूर्ण लाल, पण टणक.
- तडकलेलं, अळीनं पोखरलेलं, सडका डाग असलेलं फळ बाटलीत नाही.
- मर रोगानं किंवा करप्यानं वाळलेल्या झाडावरचं फळ बाटलीत नाही, दिसायला कितीही लाल असो.
- मॅन्कोझेब हे बुरशीनाशक (10 लिटर पाण्याला 25 ग्रॅम) मारलं असेल तर लेबलावर दिलेले थांबायचे दिवस भरू द्या.
- आदल्या दिवशी पाणी देऊ नका. हा माझा अंदाज, पुस्तकातला नाही, पण रानात ओल असली की गर पातळ होतो.
- अर्का रक्षक जातीसारखं भरीव फळ बाटलीला बरं. गावठीला पाणी जास्त सुटतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी फळीवरच्या बाटल्यांची झाकणं मिरगाच्या आधीच फुगलेली दिसतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "टमाटं आंबटच असतंय की ओ, त्यात आनी लिंबूसत्व कशाला?" सगळं नुकसान इथंच होतं. टोमॅटोचा सामू, म्हणजे पीएच, साधारण 4.3 ते 4.9 असतो. 4.6 च्या वर गेला की बंद बाटलीत क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू वाढून जीवघेणं विष तयार करू शकतो. त्याचे बीजाणू मातीतच असतात आणि उकळत्या पाण्यानं मरत नाहीत. त्यांना अडवतं ते आम्ल. तुमचा टोमॅटो 4.6 च्या अलीकडचा की पलीकडचा हे जिभेला कळत नाही. गोडी जास्त असली की आंबटपणा लपतो, आणि पिकत जाईल तसं आम्ल कमी होत जातं.

म्हणून प्रत्येक बाटलीत, टोमॅटो घालायच्या आधी, मोजून:

- लिटरच्या बाटलीला अर्धा छोटा चमचा लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड), किंवा बाटलीतला तयार लिंबूरस 2 मोठे चमचे, म्हणजे 30 मिली.
- अर्ध्या लिटरला याच्या निम्मं.

छोटा चमचा म्हणजे 5 मिलीचा, औषधाबरोबर येतो तो. पातेल्यात एकदम टाकून ढवळू नका, सगळ्या बाटल्यांत सारखं जात नाही. घरच्या झाडाचं लिंबूही नको, त्याचा आंबटपणा फळागणिक बदलतो. किराणा दुकानातल्या 50 ग्रॅमच्या पुडीत लिटरच्या वीसेक बाटल्या होतात. चव आंबट लागली तर खाताना गूळ घाला.

दुकानदार मात्र पुडी दाखवणार नाही. तो 'टिकवायची पावडर' दाखवेल, फळ टणक राहावं म्हणून टॉनिकही गळ्यात मारेल. त्या पावडरीत बहुधा सोडियम बेन्झोएट असतं आणि तेसुद्धा आम्ल असेल तरच नीट काम करतं. म्हणजे लिंबूसत्व लागणारच. मग वरचे पैसे कशाला घालवायचे? नव्या झाकणांवर खर्च करा. एकदा वापरलेलं झाकण दुसऱ्यांदा घट्ट बसेल याचा भरवसा नाही.

कृती:

- फळं उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट, मग गार पाण्यात. साल सुटते.
- चिरून, ठेचून उकळी आणा, पाच मिनिटं शिजवा.
- गरम बाटलीत लिंबूसत्व, वर कढत टोमॅटो. तोंडाशी अर्धा इंच जागा रिकामी.
- काठ पुसून झाकण लावा.
- पातेल्याच्या तळाला फडकं किंवा जाळी, त्यावर बाटल्या. पाणी झाकणांच्या वर दोन बोटं, मग उकळा.

उकळायच्या वेळेत दुसरी गफलत होते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात अशा ठेचलेल्या टोमॅटोच्या साधारण लिटरच्या बाटलीला 45 मिनिटं दिलेली आहेत, पण ती 300 मीटर उंचीपर्यंत. बेळगाव साधारण 750 मीटरवर आहे. इथं पाणी शंभर अंशाच्या आधीच उकळतं. 300 ते 900 मीटरला तक्ता 50 मिनिटं सांगतो, म्हणून आपल्या भागात 50 धरा, अर्ध्या लिटरच्या बाटलीलाही. घड्याळ लावायचं ते खळखळ उकळी आल्यावर. मध्ये गॅस संपला तर उकळी आणून पुन्हा पहिल्यापासून मोजा. कुकरच्या शिट्ट्यांचा हिशेब इथं लावू नका.

लसूण, मिरची, कांदा, तेलाची फोडणी यातलं काहीही बाटलीत घालायचं नाही. आम्लाचं गणित बिघडतं. फोडणी बाटली फोडल्यावर द्या. लोणच्याची सवय इथं आड येते. लोणचं मीठ-तेलावर टिकतं, या बाटलीत मीठ नुसतं चवीला.

बाटल्या 12 ते 24 तास हलवू नका. मग झाकणाचा मधला भाग दाबा. टकटक वर-खाली झाला तर हवा राहिली आहे. ती बाटली फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा. बाकीच्या अंधाऱ्या, थंड जागी ठेवा, वर्षाच्या आत वापरा.

झाकण फुगलं, उघडताना फेस आला किंवा वर बुरशी दिसली तर चव घेऊन बघू नका. वरची बुरशी काढून खालचं वापरायची खोड सोडा. बुरशीनं आम्ल कमी होतं, खालचा भाग तितकाच धोक्याचा. गोठ्यातही ओतू नका, या विषानं गुरंही दगावतात. कुत्री उकरणार नाहीत इतका खोल खड्डा करून पुरा आणि हात साबणानं धुवा. खाल्ल्यानंतर कुणाला दोन-दोन दिसायला लागलं, पापण्या जड झाल्या, घास गिळेना, तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट जिल्हा रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना बाटलीचं आधी सांगा.