पहिला ओपन-बॅक हेडफोन: ओहम मागे ठेवा, आधी पंखा लावून बसा

ओपन-बॅक हेडफोनच्या कपाला बाहेरच्या बाजूने झाकण नसतं, जाळी असते. मागचा आवाज तिथून मोकळा निघून जातो, म्हणून गाणं डोक्यात कोंबल्यासारखं न वाटता आजूबाजूला पसरलेलं ऐकू येतं. त्याच जाळीतून तुमचं गाणं घरभर जातं आणि घरातला टीव्ही तुमच्या कानात येतो. हुतात्मा एक्स्प्रेस, अभ्यासिका, ऑफिस या ठिकाणी याचा उपयोग शून्य. आणि गणपतीच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीसारखा छातीवर आदळणारा बेस हवा असेल तर इथेच थांबा, तो यात मिळणार नाही.

खोली

जिथे बसून ऐकणार तिथे रात्री जेवणं झाल्यावर पाच मिनिटं गप्प बसा. पंखा नेहमीच्या नंबरवर असू द्या. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पंखा बंद करून ऐकेन म्हणणारा माणूस स्वतःला फसवतो. पंख्याची घरघर चालते, तिची सवय होते. पण शेजारी कूलर असेल, किंवा सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, घर असून भिंतीपलीकडे माग चालत असेल, तर ओपन-बॅक घेऊ नका, सरळ क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपाचा, घ्या. खडखडाटावर मात करायला माणूस आवाज वाढवत जातो आणि आपण किती वाढवला हे त्याला कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलपर्यंतच, अशी आहे.

बजेट

सगळे पैसे हेडफोनवर घाला. आवाजाचा जोर वाढवणारा वेगळा डबा, म्हणजे अ‍ॅम्प, या टप्प्यावर नको.

आकड्यांचा घोळ

दुकानदार असो की व्हिडिओवाला, सल्ला एकच: ३२ ओहमचा घ्या, फोनवर वाजेल, ओहम जास्त असले की अ‍ॅम्प लागतो. हे ऐकून ऐकून कान किटले. अर्धवट सल्ला आहे, आणि त्यापायी लोक चांगला हेडफोन सोडून देतात किंवा नसता अ‍ॅम्प गळ्यात मारून घेतात.

या आकड्यांनी माझंही डोकं बरंच खाल्लंय, कारण कंपन्या ते दोन वेगवेगळ्या मापांत छापतात. ओहम म्हणजे नुसता विद्युत अवरोध. हेडफोन किती जोरात वाजणार हे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर तो किती आवाज काढतो, हे बघितल्याशिवाय कळत नाही. ती कुणी ‘एका मिलिवॉटला इतके डेसिबल’ अशी देतं, कुणी ‘एका व्होल्टला इतके डेसिबल’ अशी. दोन्ही आकडे तसेच शेजारी ठेवून तुलना केली की उत्तर चुकणारच. किलोचा भाव आणि पायलीचा भाव एका रांगेत लावल्यासारखं ते होतं.

फोन आणि डोंगल (फोनच्या चार्जिंगच्या भोकात खोचून हेडफोन जोडायचं छोटं यंत्र) किती व्होल्ट देऊ शकतात यावर आपलं गणित अवलंबून, म्हणून व्होल्टचं माप धरा. मिलिवॉटचा आकडा दिला असेल तर ३२ ओहमच्या हेडफोनला त्यात १५ मिळवा, ६४ च्या आसपास १२, १२५ च्या आसपास ९, २५० ला ६. ओहम दुप्पट झाले की मिळवायचा आकडा ३ ने कमी, एवढंच लक्षात ठेवायचं.

आता हे बघा. एकेजी के७०२ हा ६२ ओहमचा, व्होल्टला १०५ डेसिबल. सेनहायझर एचडी ५६०एस हा १२० ओहमचा, व्होल्टला ११०. ओहम जवळपास दुप्पट, तरी त्याच फोनवर सेनहायझरच जोरात वाजणार. बेयरडायनॅमिक डीटी ९९० प्रो २५० ओहमचा आणि मिलिवॉटला ९६, म्हणजे व्होल्टला १०२. फिलिप्स एसएचपी९५०० हा ३२ ओहमचा, मिलिवॉटला १०१, म्हणजे व्होल्टला तब्बल ११६.

फोनच्या जॅकमधून साधारण अर्धा ते एक व्होल्ट मिळतो. अर्धाच मिळत असेल तर ६ डेसिबल वजा करा. माझा हिशेब असा: व्होल्टला ११० किंवा वर असेल तर फोनवर बिनधास्त, १०५ ते ११० असेल तर एक व्होल्ट देणारा डोंगल घ्या, १०५ च्या खाली असेल तर पहिल्या खरेदीत त्याच्या नादी लागू नका. हल्लीची सिनेमाची गाणी मुळातच जोरात भरलेली असतात, ती कशावरही वाजतात. जुन्या मैफिलीचं रेकॉर्डिंग लावा, विलंबित आलाप सुरू होऊ द्या, मग व्हॉल्यूम शेवटच्या रेघेवर जाऊनही गायक लांबच बसलेला वाटतो. तिथे हा हिशेब कळतो. डोंगल घेतलात तर तो स्वतःच्याच फोनला लावून तपासा. काही डोंगल काही अँड्रॉइड फोनवर पूर्ण जोर देत नाहीत.

कोणता

एसएचपी९५०० मिळाला तर तोच. त्याच्या कपाला साधं ३.५ मिमीचं सॉकेट आहे, वायर तुटली की कुठलीही बऱ्यापैकी ऑक्स केबल चालते. नाही मिळाला तर सेनहायझर एचडी ५५९ किंवा ५९९; वायर मात्र जपा, कपाकडची पिन २.५ मिमीची आणि फिरवून अडकवायची असते, साधी केबल बसत नाही. पैसे ताणता आले तर एचडी ५६०एस. एकेजी के२४० स्टुडिओ अर्ध-ओपन आहे, तो ओपन म्हणून घेऊ नका. डीटी ९९० चं कौतुक खूप ऐकाल, पण त्याचे वरचे सूर टोचतात. पहिला म्हणून नको.

ऐकून बघणं

सोलापूरच्या नवी पेठेत ब्लूटूथचे ढीग मिळतील, ओपन-बॅक डोक्याला लावून बघायला मिळणं मुश्कील. त्यामुळे परत घेणाऱ्याकडूनच मागवा, जीएसटीचं बिल घ्या, खोका फाडू नका. पॅड कापडी किंवा मखमली हवेत. रेक्झिनचे पॅड आपल्या उन्हाळ्यात अर्ध्या तासात कानाला चिकटतात. चष्मा असेल तर चष्म्यासकट तासभर घालून बसा.

तानपुरा लावा: चार तारा एकमेकींत मिसळून लगदा होतोय की जवारीची झणझण वेगळी कानावर येतेय? मग तबला: बायाँवर मनगट सरकवून काढलेली मींड, म्हणजे घसरत जाणारा सूर, कळते का? शेवटी एखादा बायकी आवाज लावा आणि ‘स’, ‘श’ नीट ऐका. हे पंखा चालू ठेवून एकदा, बंद करून एकदा.

विकणारा सांगेल, शंभर तास वाजू द्या, मग खुलेल. पॅड थोडे मऊ होतात, डोक्यावरची पकड सैल होते, एवढंच. शंभर तास होईपर्यंत परत करायची मुदत मात्र संपलेली असते. ‘स’ पहिल्या दिवशी टोचतोय? दुसऱ्या दिवशीही टोचला तर पार्सल परत.