अर्ली अप्लाय करताय? एडचे कागद गणपतीतच काढून ठेवा

पोरगं बारावीत गेलं आणि अमेरिकेला अर्ली अप्लाय (म्हणजे नेहमीच्या मुदतीच्या आधीच अर्ज) करायचं ठरलं की घरात सगळी चर्चा निबंधांची आणि एसएटीची, पैशांच्या फॉर्मचं मात्र "ते ॲडमिशन झाल्यावर बघू". तसं नसतं हो. फायनान्शियल एडचा, म्हणजे खर्चासाठी कॉलेजकडून मिळणाऱ्या मदतीचा, फॉर्म ॲप्लिकेशनच्या बरोबरीनेच जातो. बहुतेक कॉलेजांची अर्लीची तारीख १ किंवा १५ नोव्हेंबर असते, आणि एडच्या फॉर्मची तीच किंवा थोडी पुढेमागे. नेमकी तारीख प्रत्येक कॉलेजच्या फायनान्शियल एडच्या पानावर बघायची, ॲडमिशनच्या पानावर नाही, कारण दोन्हीकडे एकच तारीख असेल असं नाही.

आता आपल्याकडे या दिवसांत काय चालू असतं ते बघा. सीएला ३० सप्टेंबरचं टॅक्स ऑडिट, मग ३१ ऑक्टोबरचे ऑडिटवाल्यांचे रिटर्न, तो तुमचा फोनच उचलणार नाही. शाळेला दिवाळीची सुट्टी, म्हणजे सहीला काउन्सेलर नाही आणि ऑफिसात क्लार्कही नाही. म्हणून म्हणतोय की गणपतीतच एक फोल्डर करा.

त्यात काय टाकायचं? आईवडील दोघांचे मागच्या दोन वर्षांचे आयटीआर, फॉर्म १६, चार-सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, बँक स्टेटमेंट, एफडी आणि म्युच्युअल फंडाचे स्टेटमेंट, पीएफचं पासबुक, घराचं कर्ज असेल तर बाकी किती आहे त्याचं बँकेचं पत्र. धंदा असेल तर बॅलन्स शीट आणि प्रॉफिट-लॉस. जे मराठीत आहे त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं.

शेतीवाल्यांचं जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे लोक फार गोंधळतात. शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे नुसती शेती असलेल्या घरात आयटीआर नसतोच, आणि कॉलेज तर टॅक्सचा कागद मागतं. मग तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढा (आपले सरकारवरून किंवा सेतूतून, वेळ लागतो बरं का), सोबत सातबारा आणि ८-अ जोडा आणि एका पानावर साध्या इंग्रजीत लिहून द्या की भारतात शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून रिटर्न भरलेला नाही. आणि नोकरी हिंजवडीत पण मुळशीत वडिलोपार्जित जमीन चार भावांच्या नावावर, हे तर पुण्यात घरोघरी आहे. तिथे पूर्ण जमिनीची किंमत टाकून मोकळे होऊ नका. तुमच्या वाट्याला येईल तेवढीच लिहा आणि सामाईक आहे, वाटणी झालेली नाही, हे शब्दांत सांगा. अमेरिकेत बसून फाइल वाचणाऱ्याला सातबाऱ्यावरची दहा नावं बघून काय कळणार, आपणच सांगायचं ना.

मुख्य फॉर्म म्हणजे सीएसएस प्रोफाइल. तो एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डचा, दरवर्षी १ ऑक्टोबरला उघडतो, पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६. एवढेही जड जात असतील तर कॉलेजला मेल करून विचारा, काही कॉलेजं फी माफीचा कोड देतात, तर काही सीएसएसऐवजी आयएसएफएए नावाचा फॉर्म चालवून घेतात आणि त्याला पैसे लागत नाहीत. कार्डवर इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन आधीच चालू करून ठेवा, बँका ते मुळात बंदच ठेवतात. आकडे रुपयांत भरायचे, करन्सी रुपये निवडलीये ना ते दोनदा बघा, आणि लाखाचे स्वल्पविराम न टाकता सलग आकडा लिहा, एक शून्य इकडेतिकडे झालं तर अठरा लाखवाला एक कोटी ऐंशी लाखवाला होतो. पगार म्हणजे सीटीसी नाही, फॉर्म १६ मधला ग्रॉस. नातेवाइकांना सांगतो तो आकडा इथे चालत नाही 😄

सर्वात महत्त्वाचं म्हणजे "घरचे वर्षाला किती देऊ शकतील" हा प्रश्न. मोठ्या खासगी कॉलेजांचा पूर्ण खर्च आता वर्षाला ८०-९० हजार डॉलरच्या घरात, काही ठिकाणी त्याहूनही जास्त आहे, त्यामुळे लोक एकतर घाबरून शून्य लिहितात नाहीतर इभ्रतीपायी फ्लॅट विकायला लागेल एवढा आकडा टाकतात. दोन्ही नको. चार वर्षं निभावेल तेवढंच लिहा. स्पेशल सर्कमस्टन्सेसची जागा रिकामी सोडू नका, नोकरी गेली, आजीचं ऑपरेशन, धाकटीची इंजिनिअरिंगची फी, सगळं आकड्यांसकट.

आता एड मागायची की नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी कॉलेजं परदेशी मुलांनाही नीड-ब्लाइंड आहेत, म्हणजे एड मागितली म्हणून ॲडमिशनवर परिणाम नाही. बाकी बहुतेक, अगदी स्टॅनफर्डसुद्धा, आपल्यासाठी नीड-अवेअर, म्हणजे एड मागितल्याचा ॲडमिशनवर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे कुणीतरी सल्ला देतं की आत्ता मागू नका, आत गेल्यावर मागा. हा सल्ला मला अजिबात पटत नाही, कारण अनेक कॉलेजांत सुरुवातीला नाही मागितलं तर पुढची चारही वर्षं मिळत नाही. गरज असेल तर मागाच, आणि कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवायची वेबसाइट) एडच्या प्रश्नाला हो म्हटलंय ना तेही तपासा.

अर्लीतला अर्ली डिसिजन हा प्रकार बंधनकारक असतो, म्हणजे निवड झाली तर तिथेच जायचं, पोराची, पालकांची आणि काउन्सेलरची सही असते. मात्र एड मागितली होती आणि मिळालेल्या रकमेत जाणं शक्यच नाही, तर नाकारता येतं. पण चार ऑफर शेजारी ठेवून तुलना करायची सोय तिथे नाही, ती हवी असेल तर अर्ली ॲक्शन (लवकर अर्ज, पण बंधन नाही) किंवा रेग्युलर, म्हणजे नेहमीच्या मुदतीचा अर्ज बरा.

वेळेचं एक. कॉमन ॲपची मुदत तुमच्या इथल्या घड्याळाने रात्री ११:५९ ला संपते, अमेरिकेच्या नाही, म्हणजे "तिकडे अजून दुपार आहे" म्हणून बसू नका. सीएसएसही एक-दोन दिवस आधीच करून टाका. मग कॉलेज आयडॉकमधून (कागद अपलोड करायची कॉलेज बोर्डचीच सोय) किंवा स्वतःच्या पोर्टलवर कागद मागतं, ते मेल स्पॅममध्ये जातात, रोज बघा.

पोरगं अमेरिकन सिटिझन असेल (बाणेर-औंधला परत आलेली बरीच घरं आहेत), तर फॅफ्साही (अमेरिकन सरकारच्या एडचा फॉर्म) भरायचा, तो बाकी परदेशी मुलांना लागू नाही. त्यात आकडे डॉलरमध्ये करून टाकायचे, आणि पालकांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी अकाउंट काढता येतं.

अर्लीचा निकाल बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या मध्याला लागतो. पत्रात ग्रँट (परत न करायची मदत) किती, कॅम्पसवरचं काम किती, कर्ज किती ते वेगळं करून वाचा, कमी वाटलं तर एड ऑफिसला नम्रपणे मेल करा, नवीन कागद असेल तर जोडा. डिफर झालं, म्हणजे निर्णय रेग्युलरवर ढकलला, तर त्या कॉलेजसाठी सहसा परत फॉर्म भरावा लागत नाही, पण रेग्युलरची बाकी कॉलेजं त्याच प्रोफाइलमध्ये १६-१६ डॉलर भरून जोडायची असतात, आणि त्यांच्या तारखा वेगळ्या.