निलगिरीची फांदी उतरवताना साल सोलू नये म्हणून

अंगणातली निलगिरी छपरावर झुकली की लोक थेट वरून करवत चालवतात. फांदी अर्धी चिरली की वजनानेच मोडते आणि खोडाची साल हातभर सोलून नेते. ती जखम लवकर भरत नाही.

आधी खोडापासून फूटभर लांब, खालून एक तृतीयांश जाडीपर्यंत काप घ्या. मग त्याच्या दोन बोटं पुढे वरून आरपार कापा. फांदी सालीला न ओढता पडते. शेवटी उरलेला खुंट बुडाशी असलेल्या फुगीर कड्यालगत कापा. कडं शाबूत ठेवा, जखम तिथूनच भरते.

नंतर धुमारे झुपक्याने फुटतात. दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे कोवळे असतानाच मोडा.

वीजतारेजवळची फांदी मात्र स्वतः तोडू नका.