प्लेट गच्च, कॉलन्या रिकाम्या

एक जीन बॅक्टेरियाच्या पेशींत घालायचा माझा प्रयोग चालू होता. डोंबिवली फास्टला लटकत लॅबमध्ये पोचले, इन्क्युबेटर उघडला तर प्लेट बॅक्टेरियाच्या कॉलन्यांनी, म्हणजे ठिपक्यांएवढ्या वसाहतींनी, गच्च भरलेली. आनंदात डब्यातली साबुदाण्याची खिचडी वाटून टाकली. मग ८ कॉलन्या तपासल्या. एकीतही माझा जीन नाही!

वेक्टरमध्ये, म्हणजे जीन पेशीत नेणाऱ्या डीएनएच्या वर्तुळात, सीसीडीबी नावाचा जीन होता. त्याचं विषारी प्रथिन डीएनए गायरेजला (डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या एन्झाइमला) जखडतं आणि पेशी मरते. माझा जीन आत आला की सीसीडीबी बाहेर पडतो. म्हणजे रिकामा वेक्टर घेतलेली पेशी जगायलाच नको होती.

"अगं, पेशी कुठल्या घेतल्यास?" सिनियर ताईने विचारलं. ट्यूब पाहिली. एफ प्लास्मिडवाल्या, म्हणजे आत डीएनएचं एक जादा वर्तुळ असलेल्या!

सीसीडीबी मुळात एफ प्लास्मिडचाच. शेजारीच सीसीडीए, त्याचा उतारा. विष टिकाऊ, उतारा नाजूक. लॉन प्रोटिएज हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम उताऱ्याला सतत तोडतं. विभाजनात प्लास्मिड हुकलेल्या पेशीत नवा उतारा बनत नाही, जुनं विष उरतं आणि ती मरते. लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांपेक्षाही हे प्लास्मिड डांबिस! आणि माझ्या पेशी तोच उतारा आयता पुरवत होत्या.

एफ नसलेल्या डीएच५-अल्फा पेशी घेऊन पुन्हा केलं. कॉलन्या जेमतेम ११, पण तपासलेल्या सहाही बरोबर. रिकामा वेक्टर वाढवायला मात्र गायरेज बदललेला, म्हणून विषाला दाद न देणारा डीबी३.१ स्ट्रेन (बॅक्टेरियाचा वाण) वेगळा ठेवलाय, झाकणावर लाल मार्करने खूण करून.